नाव कोणाचे उरते?

सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कुंकू दूरदूरच्या बाजारपेठांत जाते, देव्हाऱ्यांत आणि कपाळांवर विराजमान होते. ज्या हातांनी ते तयार केले त्यांची नावे मात्र कोणाच्या कपाळावर उमटत नाहीत. चांगल्या कामाच्या पाठीशी असलेली माणसे विस्मृतीत जावीत, हे योग्य आहे काय?

विल्यम कॅरी यांच्या चरित्रातून हाच प्रश्न समोर येतो. इंग्लंडमधील हे चर्मकार बाप्टिस्ट पाळक झाले आणि १७९३ मध्ये बंगालला आले. १८०१ पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवीत. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तर १८१० मध्ये मराठी कोश. १८१८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी श्रीरामपूरचे महाविद्यालय स्थापिले. धर्मशिक्षणाबरोबरच इतर विद्याही तेथे शिकविल्या जात आणि ख्रिस्तेतर विद्यार्थ्यांनाही प्रवेश असे.

हे सारे कॅरींच्या नावावर जमा आहे. पण महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहून त्यांना मराठी आली कोठून? त्यांच्या मराठी कार्यात वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य होते. धर्म निराळा, ग्रंथ निराळे. तरी पंडितांनी आपली भाषा या परक्या माणसाच्या हाती दिली. विद्यार्थ्यांपुढे जे गुरू म्हणून उभे राहत, ते पंडितांपुढे शिष्य होते. आज कॅरींचे नाव जगभर घेतले जाते. वैजनाथांचे नाव अभ्यासकांपुरते उरले आहे.

कोणी म्हणेल, नावाची हाव ख्रिस्ती वृत्तीला शोभत नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, असेच प्रभूने शिकविले. खरे आहे. परंतु तो उपदेश देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नव्हे. देणाऱ्याने आपले दान विसरावे, ही त्याची नम्रता. घेणाऱ्याने ते विसरावे, ही कृतघ्नता. एकाच विस्मरणाची ही दोन निरनिराळी मोले आहेत.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून देणारे फादर स्टीफन्स आपले म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. मग कॅरी बाप्टिस्ट आणि वैजनाथ हिंदू, म्हणून त्यांचे ऋण हलके होते काय? ऋणाला पंथ नसतो.

चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे असतात. भिंत रचणाऱ्या गवंड्याचे नसते. ज्या वृद्धेने आपल्याला क्रुसाची खूण करायला शिकविले, तिचे नाव तर कोठेच कोरलेले नाही. प्रत्येकासाठी पाटी लावणे शक्य नाही, आवश्यकही नाही. परंतु सायंप्रार्थनेच्या वेळी आपल्या मुलांसमोर त्यांतील एखादे नाव उच्चारणे आपल्या हाती आहे.