हद्दीबाहेरची वाळू

आषाढातल्या पुराचे पाणी काचेच्या उभ्या बरणीत भरून ठेवावे. वाळू बघता बघता तळाशी जाते. चिकणमाती जात नाही. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर उतरायला सुमारे आठ तास घेतो, आणि नदी तर स्थिर नसतेच. म्हणून डोंगरावरून एकाच सरीने सुटलेली माती एका ठिकाणी पोचत नाही. वाळू वळणावर थांबते, पोयटा शेतात, चिकणमाती खाडीपर्यंत जाते.

खाडीत मीठ असते. गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटणारे कण खारे पाणी लागताच चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते खाली बसतात. बंदराची खाडी उथळ होते त्यामागे डोंगरावरची तोड असते, तसे हे मीठही असते.

तळावरून सुटण्यात सगळ्यांच्या पुढे मध्यम वाळू, पाव ते अर्ध्या मिलिमीटरची. गोटा वजनावर टिकतो. मुरलेली चिकणमाती कणाला कण धरून टिकते. यूलस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाने १९३५ साली हे एका आलेखात मांडले. मधली वाळू ना जड, ना चिकट. आणि आपल्या बऱ्याच पुळणी तिच्याच.

कण नेमका कधी हलेल? शील्ड्स यांनी १९३६ मध्ये बर्लिनला याचे उत्तर शोधले: पाण्याची तळावरची ओढ एका बाजूला, कणाचे पाण्यातले वजन दुसऱ्या बाजूला, त्यांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की हालचाल सुरू. पण तळाकडे टक लावून पाहिले तर एक कण उडी घेतो, शेजारचा बसून राहतो. मग तो निघतो आणि पहिला विसावतो. त्याच दशकात झुरिकमध्ये हान्स आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी, म्हणजे आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या थोरल्या मुलाने, या उडीला आणि विसाव्याला संभाव्यतेचे गणित लावले. एका कणाचे भाकीत सोडून दिले, तेव्हा असंख्य कणांचे करता आले.

आजही किती गाळ वाहील हे सांगणाऱ्या सूत्राचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापाच्या निम्मे ते दुप्पट एवढ्या टप्प्यात आले तर ते चांगले मानतात. म्हणून अशा सूत्रांवर उभे केलेले मॉडेल टाकून देऊ नये. कुठे भरेल आणि कुठे खचेल एवढे आधी कळणेही गावाला फार मोलाचे असते. मात्र मॉडेलच्या अहवालात दशांशचिन्हापुढे दोन-दोन आकडे दिसले की मला काळजी वाटते.

वेग दुप्पट झाला म्हणून वाळू दुप्पट वाहत नाही. आठपट, सोळापट, कधी त्याहूनही जास्त वाहते. सह्याद्रीतून उतरून शंभरेक किलोमीटरमध्ये समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचे वर्षाचे काम पावसाळ्यातले थोडे दिवसच उरकतात. अशा नदीची वार्षिक सरासरी म्हणजे ती ज्या रूपात कधीच वाहिली नाही ते रूप.

पुलाच्या खांबापाशी तर फारच जपावे लागते. पूर भरात असताना खांबाभोवती खळगा पडतो आणि पाणी ओसरताना तोच वाळूने भरून येतो. आपण मोजायला उतरतो तेव्हा तळ सपाट, निर्धास्त. जेरल्ड लेसी यांनी सुमारे १९३० मध्ये कालव्यांवरून बांधलेले सूत्र आपल्याकडे पुलाच्या पायाची खोली ठरवताना अजून वापरतात. ते वाळूच्या तळासाठी आहे. गोट्यांच्या नदीला जसेच्या तसे लावणे धोक्याचे.

खडकवासल्याला, १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, नद्या आणि बंदरे लहान करून बांधतात. नदी शंभरपट लहान करता येते. वाळू येत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण शंभरपट लहान केला की तो वाळू उरतच नाही, गाळ होतो आणि पाण्यात तरंगू लागतो. म्हणून असल्या प्रतिकृतींत कोळशाच्या भुकटीसारखा हलका पदार्थ पसरतात. रूप बदलावे लागते, तेव्हा कुठे वागणे जुळते. संगणकातही हेच अवघड जाते. पाण्याची समीकरणे पुष्कळशी भरवशाची आहेत, तळाची नाहीत.

तळाबद्दल एकच गोष्ट पक्की आहे. येणारी वाळू वजा जाणारी वाळू, त्यावरून तळ चढेल की उतरेल ते ठरते. ऑस्ट्रियाच्या फेलिक्स एक्सनर यांच्या नावाने ओळखले जाणारे हे समीकरण अशा प्रत्येक मॉडेलच्या पोटात असते. त्या हिशेबात ‘नाहीशी झाली’ असा रकाना नाही.

चेन्नईला १८७६ मध्ये कृत्रिम बंदराचे काम सुरू झाले. तिथे वर्षाचा हिशेब धरला तर वाळू किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराच्या भिंतीने ती अडवली. दक्षिणेला मरीनाचा किनारा रुंदावला. संध्याकाळी अर्धे शहर तिथे फिरायला येते. उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूने समुद्र आत आला, कोळ्यांच्या वस्त्यांची जमीन गेली. दगड टाकले, तर दगड संपले तिथून पुढे धूप सुरू झाली. मरीनावर जे साठले आणि उत्तरेला जे गेले, तो एकच जमाखर्च आहे, फक्त दोन टोकांची माणसे वेगळी.

प्रत्येक मॉडेलला हद्द आखावी लागते. त्याशिवाय गणित सुटत नाही. रेघ अभियंता ओढतो, पण कामाची व्याप्ती बहुधा पैसे देणारा ठरवतो. पुढचे गाव हद्दीत आले नाही, म्हणून त्याचे नुकसान खोटे ठरत नाही. ते नुसते मोजले जात नाही.

मालवणजवळचे देवबाग वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. उधाणाचे पाणी माडांच्या मुळांशी आले की लोक धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. मागणारच. ज्याचे घर जाते आहे त्याला थांबून अभ्यास करा म्हणणे निर्दयपणाचे आहे. पण बंधारा मंजूर करणाऱ्याला घाई नसते. दगड जिथे संपतात तिथून पुढच्या पुळणीचे काय होईल, हे त्याने पाहिलेच पाहिजे.

खाडीतली वाळू ब्रासने विकली जाते. हातपाटीने काढली काय किंवा सक्शन पंपाने, सरकारी कागदावर ती शंभर-शंभर घनफूट एवढीच असते. मुखाजवळची तीच वाळू भरती-ओहोटीबरोबर खाडी आणि पुळण यांच्यात ये-जा करते, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. उपसण्याआधी वाळू किती भरून येते त्याचा अभ्यास करा, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो अभ्यास म्हणजे मुळात साधे काम आहे: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ठरलेल्या त्याच रेषांवर, काठापासून काठापर्यंत तळाची खोली घेणे. ते दरवर्षी व्हावे. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि रेषा खाडीच्या मुखाशी थांबू नयेत. दोन्ही बाजूंच्या पुढच्या गावांच्या पुळणीही त्यात असाव्यात.