गुटीच्या फांदीपाशी

डाळिंबाच्या बागेत, पावसाळ्याच्या तोंडाशी गुटी बांधतात, त्या वेळी तिथे जाऊन उभे राहा. डाळिंब नसेल तर पेरू, लिंबू, अंजीर, काहीही चालेल. डोळे मिटू नका. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचे आहे.

गुटी म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळे फुटवणे. त्यासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्व फांदी निवडतात. तिच्यावरून दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचे सालीचे कडे काढून टाकतात. उघड्या पडलेल्या लाकडाभोवती ओले शेवाळ गुंडाळतात आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधतात. आता फांदीच्या शेंड्याकडे बघा. साल गेली, तरी पाने टवटवीत आहेत. घाई करू नका, बघत राहा. म्हणजे पाण्याची वाट सालीतून नाही, आतल्या लाकडातून आहे.

त्या लाकडात मनाने उतरा. तिथल्या जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्या आहेत. पेशी मरते, आतले सगळे विरून जाते, फक्त भिंत उरते. तेव्हाच तिच्यातून पाणी मोकळेपणी वाहते. जगदीशचंद्र बोस यांना हे पटले नव्हते. जिवंत पेशींच्या स्पंदनांनी रस वर चढतो, असे त्यांनी १९२३च्या ग्रंथात मांडले. ती कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. पण त्याआधीच, १८९१ मध्ये, श्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने कापलेल्या झाडांचे बुंधे विषारी द्रावणात उभे करून पाहिले होते. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, द्रावण मात्र चढतच राहिले.

मग पाणी वर ढकलते कोण? नजर पानाच्या पाठीवर न्या. तिथल्या सूक्ष्म रंध्रांतून या क्षणी वाफ बाहेर पडते आहे. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात; वरचा उडून गेला की मागचा ओढला जातो, त्याच्या मागचाही, थेट मुळाच्या केसापर्यंत. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये डब्लिनमध्ये हे स्पष्टीकरण दिले. हवा ओढून पाणी चढवणारा पंप १० मीटरच्या वर हात टेकतो. कॅलिफोर्नियातले रेडवुड १०० मीटरहून उंच वाढतात, कारण त्यांच्यातला पाण्याचा स्तंभ वरून ताणलेला असतो. या ओढीसाठी झाडाला स्वतःची शक्ती खर्चावी लागत नाही. ते काम ऊन करते. मुळांनी घेतलेल्या पाण्यातले बहुतेक सगळे असेच हवेत जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्रे उघडावीच लागतात आणि उघडली की पाणी जाते.

आता सालीकडे या. इथे सर्वांत जास्त वेळ थांबा.

सालीच्या आतल्या अंगाला रसवाहिन्या आहेत, आणि त्या जिवंत आहेत. त्यांच्या पेशींनी आपले केंद्रक गमावलेले असते. शेजारची सहपेशी त्यांना सांभाळते. पानात तयार झालेली साखर रसवाहिनीत भरली जाते, तिच्यामागोमाग पाणी आत शिरते, दाब वाढतो आणि रस गरज असेल तिकडे निघतो. मुळाकडे खाली, तसाच शेंड्यावरच्या फळाकडे वरही. तासाला साधारण मीटरभर, कधी त्याहून कमी.

गुटीत ही वाट तुटली आहे. पानांतून उतरलेला रस कापाच्या वरच्या कडेशी येऊन अडतो. साखर साचते, मुळे फुटवणारे संप्रेरकही तिथेच साचते. कड फुगते. मार्सेलो माल्पिघी यांनी सतराव्या शतकात इटलीत असाच फुगवटा पाहिला होता. दीड-दोन महिन्यांत शेवाळात पांढरी मुळे दिसू लागतात आणि ती वरच्याच कडेला फुटतात, खालच्या नाही. तेवढे एक नीट पाहून घ्या.

फांदीची साल गेली तर बाकीच्या फांद्या मुळांना पोसतात. बुंध्याचीच साल गोल निघाली तर मुळे उपाशी पडतात. पाणी चढत राहते, पाने कित्येक महिने हिरवी राहू शकतात, मुळांतला साठा संपतो आणि मग अख्खे झाड जाते. वाढत्या बुंध्यात रुतलेली तार किंवा लोखंडी पिंजरा हेच काम हळूहळू करतो. तुमच्या रस्त्यावर असे झाड असेल तर पानांच्या हिरवेपणावर विसंबू नका; ती तार या आठवड्यातच कापून काढा किंवा काढवून घ्या.