दान आणि मैत्री

दान देणाऱ्याच्या मनाची चिकित्सा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास दिलेले दान सात्त्विक होय, असे गीता सांगते. पण घेणाऱ्याच्या मनाचे काय? परत करण्यासारखे ज्याच्यापाशी कधी काही उरतच नाही, त्याने देणाऱ्याच्या बरोबरीने बसावे कसे? अँग्लिकन ख्रिस्ती पंथात हा प्रश्न शतकाहून अधिक काळ चर्चिला जात आहे. आणि तो निर्भीडपणे जगापुढे मांडणारा एक मनुष्य भारतीय होता.

व्ही. एस. अझराया जन्माने तमिळ. परंतु त्यांनी कार्यक्षेत्र निवडले ते निजामाच्या राज्यातील तेलुगु मुलखातले दोर्नकल. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत ते बोलावयास उभे राहिले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या त्यागाचा त्यांनी कृतज्ञतेने उल्लेख केला. पण या त्यागात स्नेह कोठे आहे, हेच त्यांचे विचारणे होते. १९१२ साली ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. बदलीच्या गावी हाताखालच्या माणसांशी आपण कनवाळूपणाने वागतो खरे. पण त्यांपैकी किती जणांच्या घरी पंक्तीला बसलो, हे आठवून पाहिले म्हणजे अझरायांच्या बोलण्याचा रोख आपल्याही ध्यानी यावा.

१९६३ साली टोराँटोच्या अँग्लिकन परिषदेत परस्परांची जबाबदारी आणि परस्परावलंबन यांचा पुरस्कार करणारे निवेदन पुढे आले. देणारी चर्चे आणि घेणारी चर्चे हा भेदच त्याने त्याज्य मानला. निवेदने लिहिणे सोपे असते. त्यातील विचाराचा कस लागला तो पुढे, दूरदूरच्या धर्मप्रांतांनी एकमेकांशी नाती जोडली तेव्हा.

इंग्लंडमधील सॅलिसबरीचा धर्मप्रांत आणि सुदानचे चर्च यांचे नाते १९७०च्या दशकाच्या आरंभापासूनचे. सॅलिसबरीकडून दवाखान्यांना औषधे आणि शिक्षणाला साहाय्य जाते; दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे जातात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात. १९८३ ते २००५ चे यादवी युद्ध झाले, २०११ साली दक्षिण सुदान वेगळा झाला, तरी संबंध तुटला नाही.

खरी कसोटी युद्धाची नव्हतीच. समलिंगी संबंधांविषयीच्या वादात २००८ च्या लँबेथ परिषदेच्या वेळी सुदानचे आर्चबिशप डॅनियल डेंग बुल यांनी न्यू हॅम्पशायरच्या समलिंगी बिशपांनी पद सोडावे अशी उघड मागणी केली. २०१२ साली सॅलिसबरीचे बिशप निकोलस होल्टम यांनी समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. औषधे घेणाऱ्याने गप्प बसावे, असे सुदानी चर्चला वाटले नाही. आणि रुसून मदत आखडावी, असे सॅलिसबरीलाही वाटले नाही. याच वादात युगांडाच्या चर्चने मात्र अमेरिकी चर्चशी संबंध तोडले. त्या मानी नकाराबद्दल मला आदर आहे. तथापि सुदानचे वागणे मला अधिक अवघड वाटते, कारण नकार देऊन माणूस मोकळा होतो. येथे मात्र मतभेदही तसाच राहिला आणि गरजही. एप्रिल २०२३ मध्ये खार्टूममध्ये पुन्हा युद्ध पेटले, आर्चबिशपांना राजधानी सोडावी लागली. त्या वेळी सॅलिसबरीच्या प्रार्थनांत सुदानचे नाव होते.