क्षमा आणि समुत्थानव्यय

सुतारकामावर कुटुंब पोसणारे माझ्या परिचयाचे एक गृहस्थ गेल्या वर्षी बाजारातून पायी घरी येत होते. एका तरुणाने उलट्या बाजूने भरधाव आणलेली दुचाकी त्यांच्या अंगावर आली. कोपर आणि मनगट यांच्यामधला भाग, ज्यास संस्कृतात प्रकोष्ठ म्हणतात, तेथील उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रिया होऊन पट्ट्या बसल्या, हाडेही सांधली. परंतु तळहात उताणा करण्याची शक्ती पुरती परत आली नाही. पेचकस फिरविणे कठीण झाले. देवळात तीर्थासाठी हात पुढे करावा, तर तळवा आडवाच राहतो.

तो तरुण घरी येऊन पाया पडला. यांनी त्यास क्षमा केली, आणि ती मनापासून केली. पुढे नुकसानभरपाईचा दावा लावण्याची वेळ आली तेव्हा मात्र ते अडले. मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, क्षमा केली असे एकदा म्हणालो. आता पैसे मागितले तर ती क्षमा खोटी नाही का ठरणार?"

ही शंका पुष्कळ सज्जनांना छळते. आपल्या स्मृतिकारांनी मात्र येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात शरीरपीडेच्या प्रकरणी दंडाखेरीज 'समुत्थानव्यय' असा शब्द येतो. दंड हे अपराधाचे शासन. ते राजाचे काम. समुत्थानव्यय म्हणजे जखमी मनुष्य पुन्हा उठून कामास लागेपर्यंत त्याला येणारा खर्च, आणि तो पीडा देणाऱ्याने भरावा. मनूने वाहनाच्या अपघाताचाही विचार केला आहे. सारथ्याने 'बाजूस व्हा' म्हणून ओरडून सांगितले असेल तर दंड नाही. सारथी अकुशल असेल तर दंड मालकास. कुशल असूनही चुकला तर सारथ्यास. बैल-घोड्यांच्या त्या काळी निष्काळजीपणाचा इतका बारीक विचार झाला होता, याचे मला अजूनही नवल वाटते.

तेव्हा क्षमा कशाची करावयाची? मनातल्या रागाची आणि सूडाच्या इच्छेची. वनपर्वात द्रौपदीने सांगितलेल्या संवादात प्रल्हाद बळीला म्हणतो की सदैव उग्रता बरी नव्हे आणि सदैव क्षमाही बरी नव्हे. मात्र अजाणता घडलेला अपराध क्षम्य होय. त्या तरुणाने जाणूनबुजून हात मोडला नाही, म्हणून तो क्षमेस पात्रच आहे. पण औषधाची देणी त्याच्या अजाणतेपणाने फिटत नाहीत. गृहस्थाचा हात त्याच्या एकट्याचा नसतो. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, मुलाची फी थकली. त्यांच्या वाट्याचे सोडून देण्याचा अधिकार यांना कोणी दिला? दुसऱ्याच्या ताटातले उचलून केलेले औदार्य ते औदार्य कसले!

येथे त्या तरुणाच्या वाहनाचा विमा होता, त्यामुळे रक्कम विमा कंपनी देणार. विमा नसता आणि त्याच्या घरी चुलीचीच भ्रांत असती, तर किती घ्यावे याचा निराळा विचार करावा लागला असता. तोही घरच्यांना विचारून.

खरा धोका मला दुसरीकडे दिसला. एका हितचिंतकाने त्यांना मिळकत दुप्पट लिहिण्याचा सल्ला दिला, कारण "पैसे कंपनीचेच तर आहेत!" गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात दैवी संपत्ती सांगताना अक्रोधाच्या अगदी आधी सत्य आले आहे. राग सोडला आणि सत्यही सोडले, तर पदरात काय राहिले? शिवाय खोट्याची गरजही नव्हती. शरीराच्या अपंगत्वाचे शेकडा प्रमाण म्हणजेच कमाईच्या हानीचे प्रमाण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले आहे. डावा हात गेल्यास सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ संपते, कारकुनाची नोकरी राहू शकते. तेव्हा आपल्या कामाची खरी हकीकत सांगावी, तेवढी पुरे.

तिसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनास ज्वर टाकून युद्ध करावयास सांगतात. युद्ध टाकावयास सांगत नाहीत. एवढेच मी त्यांना म्हणालो.

मोटार अपघात न्यायाधिकरणात त्यांनी दावा लावला, मिळकत होती तीच लिहिली. पहिल्या तारखेस तो तरुणही आला होता. पुकारा होईपर्यंत दोघे एकाच बाकावर बसले होते, आणि यांच्या कागदांची पिशवी त्याच्या मांडीवर होती.