नाव, आकडा आणि कर्ता

लिनक्सवर नवे खाते उघडायला माऊस लागत नाही. टर्मिनलवर 'यूजरॲड -एम मुकुंद' एवढे टाइप केले की झाले. पडद्यावर काहीच उमटत नाही, पण 'पासडब्ल्यूडी' या फाइलीत एक ओळ वाढलेली असते. अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने. पहिल्यात मुकुंद, तिसऱ्यात १००१ असा आकडा. नाव माणसांच्या सोयीचे. कर्नल ओळखतो तो आकडा, आणि फाइलीचा मालक म्हणून डिस्कवर नोंदला जातो तोही आकडाच.

नाम-रूप ही उपाधी, वस्तू निराळी, हा अद्वैत विचार मराठीत मांडणारा मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दाखवतात. खात्याचा दृष्टान्त या विचाराला वरवर चपखल बसतो. 'यूजरमॉड'ने नाव बदलले तरी मालकी हलत नाही. शून्य आकड्याच्या खात्याला 'रूट'ऐवजी काहीही म्हणा, त्याची सत्ता तीच.

घोटाळा होतो खाते काढल्यावर. नुसते 'यूजरडेल मुकुंद' केले तर फाइली मागे उरतात आणि यादीत मालकाच्या जागी १००१ दिसते. यूजरॲड सहसा सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देतो. म्हणून मुकुंदचे खाते शेवटचे असेल, तर पाठोपाठ उघडलेल्या 'दासो'लाही १००१च मिळतो आणि मुकुंदच्या फाइली आयत्या दासोच्या होतात. दर्शनशास्त्रात या दोषाला नाव आहे: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेले वाया जाणे, न केलेले पदरी पडणे. कर्ता टिकतच नसेल तर फळ कोणाचे, असा आक्षेप क्षणिकवादी बौद्धांवर घेतला गेला तो याच दोषावर बोट ठेवून. आकडाही कर्ता नव्हे, हे इथे उघड होते. तीही उपाधीच, फक्त एक पायरी आत.

मग या उपाधींपलीकडचा, अद्वैत ज्याला साक्षी म्हणते तो नुसता पाहणारा कोण? कीबोर्डपुढचा माणूस सात रकान्यांत कुठेच नाही, म्हणून त्याच्याकडे बोट जाते. पण त्याला शेजारचाही पाहू शकतो; साक्षी मात्र कोणाचाच दृश्य विषय होत नाही. दृष्टान्त इथे संपतो.

व्यवहारात कृतनाश टाळायला जाणते प्रशासक खाते पुसत नाहीत, कुलूप लावतात. 'यूजरमॉड'पुढचा लहान एल नाव बदलतो, मोठा एल कुलूप घालतो. कुलूप फक्त पासवर्डला लागते. एसएसएचची किल्ली असलेल्याला दार बहुधा उघडेच राहते.