छन्नाचा ब्रह्मदंड आणि नांदेडचा मल्ल



गेल्या वर्षावासात नांदेडच्या एका वस्तीतील विहारात प्रवचनासाठी गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, वंदना झाली, पहिल्या शीलावर तासभर बोललो. शेवटी कोणास शंका असल्यास विचारावी असे म्हटले, तेव्हा मागच्या रांगेतून तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, राक्षेनं पंचाला लाथ मारली, ते चूक की बरोबर?"

सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. तासभर मी ज्या शीलावर बोललो त्याचाच प्रश्न त्या मुलाने आपल्या भाषेत विचारला होता. मी उत्तर दिले, "बाळ, हिंसा ती हिंसाच. चूकच." तो खाली बसला नाही. म्हणाला, "आणि पंचानंच खोटा निकाल दिला असला तर?" यावर मी काहीतरी बोललो, पण ते त्याला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. म्हणून आज हे लिहितो आहे.

ज्यांना कुस्तीचा नाद नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी किताबाच्या लढती होत्या. गादी विभागात नांदेडचा शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर आले. राक्षे काही साधा मल्ल नव्हे, २०२३ च्या जानेवारीत पुण्यात त्याने हाच किताब जिंकला होता. पंचाने मोहोळला चीतपट विजयी घोषित केले. राक्षेचे म्हणणे असे की, माझे दोन्ही खांदे एकदम टेकलेच नाहीत, चित्रफीत पुन्हा पाहा. वाद वाढला. त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड शेवटच्या क्षणांत मैदान सोडून गेला, मोहोळला गदा मिळाली, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचाचा निकाल योग्य की अयोग्य यावर पुढे पुष्कळ वाद झाला.

आता आपल्या नांदेड-लातूरकडची चर्चा ऐका. चहाच्या टपरीवर, एस. टी. स्टँडवर, कटिंगच्या दुकानात दोनच पक्ष. एक म्हणे, "लई माज आलाय त्याला, बरं झालं." दुसरा म्हणे, "पंचच विकला गेला, आपल्या नांदेडच्या गड्यावर अन्याय झाला, लाथ काय, अजून चार द्यायच्या होत्या." एका माजी महाराष्ट्र केसरी मल्लाने तर पंचाला गोळ्याच घालायला हव्या होत्या, असे उद्गार काढले. हे उद्गार कोणा टवाळाचे नाहीत, ज्याने स्वतः ती गदा खांद्यावर घेतली त्याचे आहेत!

"आपल्या नांदेडचा" हे शब्द मी मुद्दाम उच्चारतो. राक्षेचे मूळ गाव पुणे जिल्ह्यात. तो नांदेडच्या नावाने खेळला म्हणून तो आपला झाला. आपला झाला म्हणून त्याची लाथ न्यायाची झाली. तीच लाथ मोहोळने मारली असती तर आपण काय म्हटले असते? तथागतांनी 'माझे' या शब्दाला दुःखाच्या मुळाशी ठेवले, ते उगीच नव्हे. ज्याला आपण 'माझा' म्हणतो त्याचे कर्म आपल्याला दिसेनासे होते.

या 'माझे'पणाची एक फार बोलकी कथा विनयपिटकात आहे. प्रवचनांतून ती क्वचितच सांगितली जाते. छन्न सर्वांना ठाऊक आहे. सिद्धार्थाने गृहत्याग केला त्या रात्री कंथक घोड्याबरोबर अनोमा नदीपर्यंत गेलेला तो सारथी. पुढचा छन्न मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. तो भिक्खू झाला आणि कौशांबीच्या घोषितारामात राहू लागला. भिक्खूंनी काही चूक दाखवली की तो उसळे. त्याच्या बोलण्याचा मतलब असा असे की, तुम्ही मला काय शिकवता? बुद्ध माझे, धम्म माझा. मी त्यांच्याबरोबर होतो तेव्हा तुम्ही कुठे होता? एका मोठ्या दिवशी केलेल्या एका मोठ्या कामाच्या बळावर तो सर्व नियमांच्या वर जाऊन बसला होता. विनयाचे काही नियम तर त्याच्या वर्तनामुळेच करावे लागले.

अशा माणसाला भगवंतांनी कोणती शिक्षा सांगितली? महापरिनिर्वाणाच्या वेळी त्यांनी आनंदाला सांगितले की, माझ्यानंतर संघाने छन्नाला ब्रह्मदंड द्यावा. नाव मोठे भयंकर वाटते, परंतु दंड एवढाच की, छन्नाने हवे ते बोलावे, भिक्खूंनी मात्र त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये, काही समजावू नये. त्याला मारायचे नाही, हाकलायचे नाही, अन्न-वस्त्र तोडायचे नाही. फक्त त्याच्या अहंकाराला श्रोता मिळू द्यायचा नाही.

हे सांगायला जाण्याची आनंदालाही भीती वाटली. तो भिक्खू तापट आहे, कठोर बोलतो, असे तो म्हणाला. तेव्हा पुष्कळ भिक्खू बरोबर घेऊन जा, असे संघाने सुचवले. पाचशे भिक्खूंसह आनंद नावेने कौशांबीला गेला आणि दंड सुनावला. तो ऐकताच हा उन्मत्त छन्न मूर्च्छा येऊन पडला. माझ्याशी कोणी बोलणार नाही, मला कोणी काही सांगणार नाही, म्हणजे मी संपलोच की, असे त्याला वाटले. मग तो एकांतात राहिला, अप्रमादाने झटला आणि अर्हत झाला. त्यानंतर तो आनंदाकडे आला व म्हणाला, आता माझा ब्रह्मदंड उठवा. आनंदाने सांगितले की, तू ज्या क्षणी अर्हत झालास त्याच क्षणी तो उठला आहे.

बंधूंनो, ही कथा मी टपरीवरच्या दोन पक्षांपुढे ठेवतो. एक पक्ष दगड मारतो, दुसरा हार घालतो. भगवंतांनी दोन्हीही केले नाही. आणि नीट पाहिले तर दगडवाल्यांपेक्षा हारवाल्यांनीच मल्लांचे अधिक नुकसान केलेले दिसेल. गदा मिळाली की मिरवणूक, फटाके, चौकाचौकांत कमानीएवढे फलक. त्याच्या उद्धट बोलण्यावर शिट्ट्या वाजवायच्या, प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या शिवीवर हसायचे. चार वर्षे अहंकाराला खुराक घालायचा, आणि पाचव्या वर्षी लाथ सुटली की "माज आला" म्हणून थुंकायचे. खुराक कुणी घातला होता?

हे काही आपल्याच मातीत घडते असेही नाही. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनला फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असताना फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याने धडक मारली व तो बाहेर काढला गेला. तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. साऱ्या जगाच्या प्रेक्षकांची तऱ्हा सारखीच.

आता 'माज' या शब्दाकडे वळतो, कारण हा शब्द आपल्याला चांगला परिचयाचा आहे. मराठवाड्याच्या गावागावांत आपल्या पोराने इस्त्रीचे कपडे घातले, मोटारसायकल घेतली, नजरेला नजर दिली की हाच शब्द निघे आणि अजूनही निघतो. तेव्हा एखाद्या खेळाडूला कोणी माजलेला म्हटले म्हणजे आपण लगेच मान डोलावू नये. स्वाभिमान आणि धम्मात ज्याला 'मान' म्हणतात तो अहंकार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या पारखून घ्याव्या लागतात.

पाळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक गडी बाद केले. मायदेशी पुण्याच्या हिंदू क्लबात त्याला चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. त्याच्या चेंडूचा विटाळ नव्हता, हाताचा होता! वर्षानुवर्षे हिंदू संघाचे कप्तानपद त्याला दिले गेले नाही. बाळू मुकाट्याने खेळले. मग १९२० साली त्यांचे भाऊ विठ्ठल व शिवराम यांनी जातीमुळे होणाऱ्या या डावलण्याविरुद्ध संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीर निवेदनाने सांगितले. त्यांनी कोणाची कॉलर धरली नाही, कोणापुढे हातही जोडले नाहीत. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे परमपूज्य बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. आपल्यातील काही मंडळी तेवढ्यावरून त्यांचे नाव टाकतात, ते मला पटत नाही. तेही 'माझा' आणि 'त्यांचा' हेच झाले.)

तर त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पंचच खोटा असला तर? हा प्रश्न आपल्या समाजाला कुस्तीच्या फडावर नव्हे, रोजच्या जगण्यात पडलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण खोट्या पंचांपुढेच उभे होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर देवळात शिरणार अशी खोटी आवई उठवून सनातन्यांनी परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. जमलेल्यांत फौजेतून आलेले गडी होते. मनात आणते तर त्यांनी महाड पेटवले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण आवरले म्हणजे सोडून दिले काय? मुळीच नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा महाडला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली, तळ्याचा दावा वर्षानुवर्षे लढवला गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. खोट्या पंचाला बाबासाहेबांनी पाय लावला नाही आणि त्याच्या पायाही पडले नाहीत.

कुस्तीतसुद्धा हे शक्य आहे. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड या लढतीत दिलेल्या गुणांवरून असेच वादळ उठले होते. सिकंदरच्या चाहत्यांना तो अन्याय वाटला. पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. म्हणजे मल्ल राहिला बाजूला, चाहतेच लाथा मारायला निघाले. सिकंदरने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या मैदानात याच राक्षेला काही सेकंदांत चीत करून गदा घेतली. त्याच सिकंदरला २०२५ च्या अखेरीस पंजाब पोलिसांनी शस्त्रांच्या एका प्रकरणात अटक केली, पुढे जामीन झाला. दुसऱ्याच दिवशी टपरीवर निकाल तयार! कोणी म्हणे गुंड, कोणी म्हणे फसवला. अरे, न्यायालय आहे ना? फुलगावची कुस्ती चांगली होती, ती चांगलीच राहील. पंजाबातले जे असेल ते तिथे ठरेल. एका कर्माचे माप दुसऱ्याला लावण्याची एवढी घाई कशाला?

लातूरकरांना मी आणखी एका कुस्तीची आठवण देतो. कुस्तीत लातूरचे नाव जुने आहे. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे वस्ताद म्हणून त्यांनी किती पोरे घडवली. त्याच लातूरचा शैलेश शेळके २०२० च्या जानेवारीत अंतिम फेरीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरकडून एका गुणाने हरला. दोघे एकाच वस्तादाचे, लातूरच्याच काका पवारांचे पठ्ठे. निकाल लागला आणि सदगीरने काय करावे? हरलेल्या शैलेशला त्याने आपल्या खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानात फिरवले. गदा ज्या खांद्यावर यायची त्या खांद्यावर आधी हरलेला गडी बसला. धम्मात ज्याला मुदिता म्हणतात ती कोणा पोराला समजावून सांगायची असेल तर मी आता ही कुस्ती सांगतो.

हे दृश्य किती जणांना आठवते असे मी त्या विहारात विचारले होते. तीन हात वर झाले. लाथेची चित्रफीत किती जणांनी पाहिली असे विचारले, तर बायाबापड्यांसकट सगळे हात वर.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच विहारात गेलो आणि त्या मुलाला पुढे बसवून छन्नाची कथा सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली. मग म्हणाला, "गुरुजी, छन्नाशी न बोलायला पाचशे भिक्खू होते. फडावर गप्प बसणारं कोण हाय?"

मी म्हणालो, "तू एक, मी एक."

"आन्‌ त्यानं बंदी संपल्यावर परत येऊन नीट कुस्ती केली तर?"

"तर टाळी वाजवायची. आनंदाने काय सांगितले ते ऐकलेस ना?"

त्याचा बाप मागे उभा होता, हसला. म्हणाला, "ह्यो शिट्ट्या मारण्यात पटाईत हाय गुरुजी, गप कसला बसतोय." यंदा माळेगावच्या यात्रेतल्या कुस्त्या पाहायला आम्ही तिघे बरोबर जाणार आहोत.