मुलांचे ऋण

जून उजाडला की आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस आणि शाळा बरोबरच येतात. २०२० च्या जूनमध्ये पाऊस आला, शाळा आली नाही. आमच्या घरासमोरच्या शाळेत बाके एकावर एक रचून ठेवली होती आणि पुण्या-मुंबईहून परतलेली गावचीच माणसे तिथे चौदा दिवसांचे क्वारंटाइन काढत होती. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला, साठी उलटलेला, त्यात मधुमेही. मुलगा मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हता.

एके दिवशी शेतमजुरी करणाऱ्या बाईची मुलगी फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. चौथीत जायची होती. म्हणाली, "गुर्जी, आम्ही काय केलं म्हणून शाळा बंद?"

मी म्हटले, "तुम्ही काही केलं नाही, बाळ. तुम्हाला जपायला म्हणून बंद आहे."

ती गेली. पण ते उत्तर माझ्या मनात कुसळासारखे रुतून बसले, कारण ते अर्धेच खरे होते. या रोगाचा मोठा घाला म्हाताऱ्या आणि आधीच आजारी असलेल्या माणसांवर होता. मुलांना तो बहुधा सौम्यच होई. मुलांनी रोग घरी आणू नये, आजोबा-आजीला देऊ नये, हे शाळा बंद ठेवण्याचे एक मोठे कारण होते. म्हणजे जपले जात होते ते मला. आणि त्याची किंमत ती मोजत होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या ते चुकले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रोग नवा होता, कुणालाच काही कळत नव्हते. घराला आग लागली म्हणजे आधी माणसे बाहेर काढतात, हिशेब मागून करतात. प्रश्न तो मागून करायच्या हिशेबाचाच आहे. ज्याला मत नाही, ज्याला कुणी विचारले नाही, त्याच्याकडून आपण त्याग घेतला, तर आपण त्याचे काय देणे लागतो?

आपल्या परंपरेने माणसाच्या माथ्यावर तीन ऋणे सांगितली: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. तिन्ही आपल्या आधीच्यांची. मागून येणाऱ्यांकडूनही कर्ज घेण्याची पाळी येईल, हे बहुधा त्यात धरलेले नव्हते. आमच्या पिढीने ते घेतले.

फेडायची वेळ आली तेव्हा काय झाले, ते तारखाच सांगतात. कर्नाटकात दारूची दुकाने ४ मे २०२० ला उघडली. त्या उत्पन्नाची सरकारी खजिन्याला गरज होती, हे मान्य. पण पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले २५ ऑक्टोबर २०२१ ला. त्याआधी २३ ऑगस्टला नववी ते बारावी, मग ६ सप्टेंबरला सहावी ते आठवी. धाकटी सर्वांत शेवटी. वास्तविक त्याच वर्षी जुलैमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी, उघडायच्याच तर प्राथमिक शाळा आधी उघडा, असे जाहीरपणे सांगितले होते. डेन्मार्कने तर २०२० च्या एप्रिलमध्येच शाळा उघडताना सुरुवात लहान मुलांपासून केली. आपल्याकडे क्रम परीक्षेने ठरवला. ज्याला बोर्डाचा पेपर तो आधी. ज्याला अजून अक्षर जुळवायचे तो मागे. मोठा मुलगा पुस्तक घेऊन एकटा बसू शकतो, दुसरीतल्या मुलाला मास्तरच लागतो, हे कुणाही आईला ठाऊक असते.

"सर्वांच्या शाळा बंद, म्हणजे सर्वांना सारखा न्याय," असे त्या वेळी ऐकू येई. नियम सारखा होता, ओझे सारखे नव्हते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत एक पाहणी झाली. खेड्यांतली जेमतेम ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. आमच्या कणकुंबी-जांबोटीच्या रानात रेंज शोधायला टेकडी चढावी लागे, हे त्या आकड्यांना माहीत नसेल, पण त्यांचा अर्थ तोच होता.

आणि आपल्या सीमाभागातल्या मुलाची तर आणखी एक अडचण. महाराष्ट्रात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. मराठी गोड, पण धडे बालभारतीचे. आमच्या मराठी शाळेतली पुस्तके कर्नाटकाची. चंदन वाहिनीवरचे धडे मुख्यतः कन्नडमधले. एकीकडे भाषा आपली पण पुस्तक परके, दुसरीकडे पुस्तक आपले पण भाषा शाळेची नव्हे. दोन राज्यांनी दोन दिवे लावले आणि मधल्या उंबऱ्यावरचे पोर अंधारात राहिले. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. योजना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते पोर नव्हते, एवढेच.

मग शाळा चालूच ठेवायच्या होत्या काय? इथे मला माझ्याच व्यवसायातल्या माणसांची आठवण होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाने 'विद्यागम' सुरू केले. शिक्षक गावोगाव जाऊन देवळाच्या ओसरीवर, समाजभवनात, झाडाखाली मुलांना शिकवू लागले. आमच्या मारुतीच्या देवळातही चार ओळी बसल्या. मुलांचे चेहरे उजळले. पण शिक्षकांना आणि मुलांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये ते थांबवावे लागले. मुलाचे देणे शिक्षकाच्या जिवाने फेडणे हाही अन्यायच. ज्याला धोका पत्करायला सांगायचे, त्याला संरक्षण आधी द्यावे लागते. नुसत्या कौतुकाने भागत नाही.

पण बंद किंवा चालू, एवढे दोनच मार्ग असतात असेही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने चालू ठेवल्या. तिथल्या आरोग्य आयुक्तांचा विचार असा, की कोंदट चाळींतून राहणारे मूल शाळेत असले तर रोज कुणीतरी त्याला तपासील, आजारी असेल तर वेगळे काढील. त्यासाठी शाळांत डॉक्टर-परिचारिकांची व्यवस्था आधीपासून होती, म्हणून तो निर्णय घेता आला. प्रत्येक रोगाला हाच न्याय लावता येणार नाही. मुलांनाच मारणारा रोग आला तर शाळा आधी बंद करावी लागेल. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपणही विचारायला हवा होता: शाळेत नसलेले मूल असते कुठे? आमच्याकडे ते शेतात होते, गुरांमागे होते, आणि काही मुली लग्नाच्या बोहल्यावर होत्या.

म्हणून मला वाटते, पुढच्या साथीची योजना आज, रोग नसताना, लिहून ठेवली पाहिजे. कारण भीतीच्या दिवसांत माणूस फक्त स्वतःचा विचार करतो. शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी. उघडताना धाकट्यांपासून उघडावी. क्वारंटाइनसाठी शाळेखेरीज दुसरी जागा गावाने आधीच हेरून ठेवावी. अक्षर दासोहाचे जेवण शाळेच्या कुलुपाबरोबर बंद होऊ नये. दासोह या शब्दाचा अर्थ जाणणाऱ्या मुलखाला हे वेगळे सांगायला नको. शिक्षकाला लस आणि औषध पहिल्या रांगेत मिळावे. आणि मुलाच्या शाळेची भाषा कोणती, हे योजनेच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. योजना तपासायची कसोटी एकच: मोबाइल नसलेले, घरी कुणी शिकलेले नसलेले, दोन भाषांच्या मध्ये उभे असलेले मूल तिच्यात दिसते का?

ती मुलगी शाळेत परतली तेव्हा पाचवीत होती. चौथी तिने पाहिलीच नाही. दिवाळीनंतर एकदा तिला वाचायला बसवले. ती बोट ठेवून, जोडाक्षराशी अडखळत वाचत होती, आणि अडखळले की माझ्याकडे पाहून ओशाळत होती. ओशाळायला हवे होते मी. त्यानंतर संध्याकाळचा एक तास तिला आणि गल्लीतल्या चार-पाच मुलांना देऊ लागलो. तेवढ्याने काही फिटत नाही, व्याजही नाही.

मात्र पहिल्याच दिवशी तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मी बदलून दिले. म्हटले, "शाळा बंद होती ती बरीचशी माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी. तुम्ही आम्हाला जगवलंत." तिला ते कितपत कळले कोण जाणे. पण त्या दिवशी तिने पुढचे वाक्य ओशाळे न होता वाचले.